सैल दोर

एर्मेलिंदा कुआस्कोता डोंगरावर कुणालाही दरडावते. साडेसहा फुटी जर्मन असो नाहीतर राजधानीतला बडा डॉक्टर असो, ती "पाणी प्या" म्हणाली की प्यायचं आणि "बसा" म्हणाली की बसायचं. एकदा एका पोलीस अधिकाऱ्याला शिखराच्या जरा अलीकडे फोटोसाठी दोर सोडायचा होता. हिने त्याला असं झापलं की खाली उतरेपर्यंत तो तिला मॅडम मॅडम करत होता. मी तिचा धर्मबाप, आमच्याकडे म्हणतात पाद्रिनो. बाप्तिस्म्याच्या दिवशी मीच तिला पाण्यावर धरलं होतं. ते गारठलेलं पाणी डोक्यावर पडलं तरी ती रडली नाही, पाद्रीकडे डोळे वटारून बघत राहिली.

आणि हीच बाई बापासमोर उभी राहिली की तिची वाचा बसायची. बाप जेवत असला तर ती चुलीपाशी उभी. बाप बोलत असला तर हिची मान खाली. मी म्हणायचो, "लिंदा, तू वर वाघीण आणि खाली कोंबडी कशी गं होतेस?" तर म्हणायची, "तुम्ही त्यांच्याशी वाद घालून बघा ना, पाद्रिनो." मी काय घालणार! नासारियो माझा कुंपा. त्याची मुलगी मी पाण्यावर धरली, त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना कुंपा म्हणतो, आणि कुंपाचा शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही.

नासारियो आमच्या रुमिपाम्बाच्या पाणीपंचायतीचा मुख्य. सव्वीस वर्षं. डोंगराचं पाणी पाटाने गावात येतं, आणि त्याने मान हलवल्याशिवाय एकाही वावराची फळी उघडत नाही. माणूस सरळ, पण ताठ म्हणजे किती ताठ! कुणी पाठीवर हात ठेवला तर खांदा झटकून टाकायचा. त्याला कारण होतं. तो आठ वर्षांचा असताना, जहागीरदाराच्या काळात, त्याचा बाप काम सोडून पळाला होता. मुकादमाने त्याला धरलं, कमरेला दोर बांधला आणि घोड्यामागून चालवत गावातून आणलं. नासारियो तेव्हा रस्त्याच्या कडेला मेंढरं घेऊन उभा होता. हे त्याने आयुष्यात दोनदाच सांगितलं. एकदा मला, दारू पिऊन. एकदा लिंदाला, शुद्धीत.

लिंदा सतराव्या वर्षी खोऱ्यातल्या गुलाबांच्या शेडमध्ये कामाला लागली. दिवसभर काटे काढायचे आणि संध्याकाळी औषधाच्या वासाने डोकं धरून बसायचं. तिथून मीच तिला डोंगरावरच्या गिर्यारोहकांच्या निवाऱ्यात स्वयंपाकाला आणलं; मी तेव्हा तिथे गाइड होतो. बटाट्याचं सूप करता करता तिने गाठी शिकल्या, माझे जुने बूट मागितले, आणि एके दिवशी विचारलं, "हे गाइडचं बायकांना जमतं का?" मी म्हटलं, "पुरुषांनाच कुठे जमतं?" चार वर्षं लागली. एकदा नापास झाली, तीही इंग्रजीत. शेवटी परवाना मिळाला तेव्हा बापाने तो कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "फोटो बरा आलाय."

त्या वर्षी पाट आटत चालला होता. तळाच्या वावरांना चार-चार दिवस पाणी पोचेना. आमचे जुने लोक अशा वेळी मक्याचं बियाणं आणि चिचा, म्हणजे आमची मक्याची दारू, बर्फाच्या कडेला नेऊन ठेवायचे, डोंगराला सांगायचे की बाबा रे, आमच्याकडे बघ. पण आता बर्फाची कडाच इतकी वर सरकली होती की नेमकं कुठे ठेवायचं यावर सभेत दोन तास भांडण झालं. नासारियो उठला. "मी पार माथ्यावर नेऊन ठेवतो," म्हणाला. पासष्टाव्या वर्षी, पावणेसहा हजार मीटरच्या डोंगरावर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सभेत टाळ्या वाजवायला काय जातं!

मग माझ्याकडे आला. "कुंपा, तू ने."

"माझा गुडघा गेलाय. मी आता पुढे चालत नाही. लिंदा नेईल."

"मुलगी बापाला नेणार?"

"तिच्याकडे परवाना आहे, कुंपा. तुझ्याकडे नुसता हट्ट आहे."

तो हसला. त्याला माझं बोलणं चालायचं. "बरं. पण तू मागे पाहिजेस."

अशी आमची तिघांची टीम ठरली. पुढे लिंदा, मध्ये नासारियो, शेवटी मी. महिनाभर लिंदाने बापाला खालच्या बर्फावर नेऊन चालायला शिकवलं. चालायला तो पटकन शिकला. म्हातारा खोडाचा दणकट होता.

आदल्या संध्याकाळी निवाऱ्यात तिने त्याच्या कमरेला पट्टा बांधला. पट्टे मांड्यांतून ओवताना तिचे हात अडखळत होते. इतर कुणाला ती दोन मिनिटांत बांधून मोकळी होते. तिने कडी अडकवली, दोर जोडला आणि सवयीने एकदा ओढून बघितला. नासारियो एक पाऊल पुढे आला.

"मी काय बाजाराला चाललेला बैल आहे?" तो म्हणाला. हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते. लिंदाने दोर हातातून टाकूनच दिला.

थोड्या वेळाने ती मला बाहेर गाठून म्हणाली, "पाद्रिनो, तुम्ही पुढे व्हा. मी मागे येते."

"का?"

"मला त्यांना ओढता येणार नाही."

"अगं, ओढायचं कुठे असतं? नुसता ताणून ठेवायचा."

"तेच," ती म्हणाली. "तेच मला येणार नाही."

हिमनदीवर दोर का ताणून ठेवायचा, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. बर्फाखाली भेगा असतात, वरून दिसत नाहीत. दोर ताठ असेल तर माणूस कमरेपर्यंत जातो आणि लटकतो, आपण हसत त्याला वर घेतो. दोर सैल असेल तर तो तेवढा जास्त पडतो आणि पडता पडता बाकीच्यांनाही घेऊन जातो. लिंदाने आपल्या बापाला बोलायला हवं होतं, नाही म्हणायला हवं होतं, आणि ते तिला जमलं नाही तर आम्हा तिघांपैकी कुणीतरी मरणार होतं. मला हे त्याच संध्याकाळी कळलं होतं. आणि मी काय म्हणालो? "होईल गं सगळं नीट. झोप." माझ्या तोंडाला त्या वेळी काय झालं होतं, देव जाणे.

एक वाजता निघालो. उजाडलं तेव्हा आम्ही साडेपाच हजारांच्या वर होतो, वारा पडला होता, आणि लिंदा आणि तिच्या बापाच्या मध्ये दोर बर्फावर लोळत होता. मी मागून बघत होतो. तो दोन पावलं भरभर टाकी, दोर सैल पडे. तिने वेग वाढवून तो ताणायला हवा होता. ती वेग वाढवी आणि दोर जेमतेम उचलला गेला, त्याला कमरेशी जाणवेलसं झालं, की लगेच मंद होई. दर खेपेला. त्याने तक्रारीचा शब्दही काढला नव्हता तरी ती जणू माफी मागत होती.

आता मी साळसूदपणा करत नाही. माझ्या आणि त्याच्या मधला दोर ताणून धरणं माझं काम होतं. मी काय करत होतो? हातात दोन वेटोळी घेऊन चाललो होतो, कुंपाला मागून हिसका बसू नये म्हणून. वीस वर्षं परदेशी लोकांच्या कमरा ओढल्या, त्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि आपल्या माणसाच्या बाबतीत मला संकोच वाटला.

माथ्याखाली एक रुंद पट्टा लागतो. तिथे लिंदा थांबली. पुढे बर्फ कसला आहे ते काठीने टोचून बघायचं होतं.

"थांबा," ती म्हणाली. "बाबा, तिथेच थांबा. हलू नका, हं?" ते 'हं' मला खटकलं. गाइड 'हं' म्हणत नाही.

नासारियो थांबला. त्याने पाठीवरची पिशवी पुढे घेतली आणि चिचाची बाटली काढली. त्याला तहान लागली होती. आता आमच्याकडे कुणीही, अगदी लग्नात झिंगलेला माणूससुद्धा, पहिला घोट स्वतः घेत नाही. पहिला जमिनीला. बाटली उघडून तो खाली वाकला आणि थबकला. पायवाट तुडवलेली होती. आदल्या दिवशीच्या लोकांचे ठसे होते, आणि एका जागी कुणीतरी लघवी करून बर्फ पिवळा केला होता. तिथे कसं ओतणार? त्याने डावीकडे बघितलं. तिथे स्वच्छ, कोरा, कुणाचं पाऊल न पडलेला बर्फ होता.

एक पाऊल डावीकडे. दोर सैल होता, त्याला कुणी अडवलं नाही. दुसरं पाऊल. मी तोंड उघडलं होतं. पण त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत धरलं होतं आणि ओठ हलत होते. डोंगराशी बोलणाऱ्या माणसावर ओरडायचं कसं? मी तो अर्धा श्वास गिळला. तिसऱ्या पावलाला तो नव्हता.

आवाज फारसा झालाच नाही. लोळणारा दोर सापासारखा पळाला आणि संपला, आणि लिंदा उताणी होऊन खाली खेचली गेली. मलाही कमरेत असा हिसका बसला की मी तोंडावर आपटलो, दुखरा गुडघा खाली, आणि कळ डोक्यात गेली. मी बर्फाची कुऱ्हाड रोवली आणि त्या कुऱ्हाडीवर अंग टाकून दिलं. डोळे उघडले तेव्हा लिंदा पालथी होती, तिचीही कुऱ्हाड बर्फात होती, आणि तिचे बूट त्या भोकापासून अगदी जवळ आले होते.

"पाद्रिनो! धरलंत?"

"धरलंय!"

"सोडू नका."

हे सांगायची गरज नव्हती, पण ऐकून बरं वाटलं. त्या आवाजात 'हं' नव्हतं.

तिने एका हाताने पाठीवरची लोखंडी पट्टी सोडवली आणि आडवी पडूनच ती बर्फात ठोकायला लागली. मी ठोके मोजत होतो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. एकतीस ठोके. मग तिने दोराचा भार त्या पट्टीवर घेतला, स्वतःला मोकळं केलं, दुसऱ्या दोरीला बांधून घेतलं आणि पोटावर सरकत भोकाच्या कडेला गेली.

"बाबा!"

काही नाही.

"बाबा! बाबा!"

काही नाही. दोरावर वजन होतं, पण ते हलत नव्हतं. माझ्या मनात आलं, आता हिच्या आईला मी काय सांगू? मी तर लगेच वाक्यंही जुळवायला लागलो होतो. तेवढ्यात लिंदाने छाती भरून घेतली आणि मुकादमाने हाक मारावी तशी आरोळी ठोकली, "नासारियो कुआस्कोता!"

आमच्याकडे पाट साफ करायला सगळं गाव जमतं तेव्हा हजेरी अशी घेतात. पूर्ण नाव. पण मुलीने बापाचं नाव असं घेणं मी साठ वर्षांत ऐकलं नव्हतं.

भोकातून आवाज आला, "हजर."

मी रडायला लागलो. खोटं कशाला सांगू, हमसून हमसून रडलो, आणि नाकातलं पाणी मिशीवर गोठलं.

"कुठे लागलंय?" लिंदा.

"बरगडीत. आणि माझं हेल्मेट पडलं. आणि हा दोर असा ओढू नका, काचतोय."

"काचू दे. पाय हलतात?"

"हलतात."

"डोकं खाली घाला, वरून बर्फ पडेल. मी कड तोडतेय. आणि आता बोलू नका, श्वास राखून ठेवा."

चाळीस मिनिटं लागली. तिने कप्प्या लावल्या, दोर घेतला, मला जागा सांगितली. मी बसून ओढत होतो, ती उभी राहून ओढत होती आणि आत ओरडत होती. "डावा पाय भिंतीला. डावा, बाबा! तो उजवा! हां. आता जोर लावा. अजून. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही." एकदा त्याने आतून काहीतरी पुटपुटलेलं ऐकू आलं आणि ती म्हणाली, "वर आल्यावर बोला."

कडेला आधी त्याचा हात आला, मग टक्कल. भुवईपासून कानापर्यंत खरचटलं होतं. तिने पट्ट्याला धरून त्याला माशासारखा बाहेर ओढला आणि सुरक्षित जागी नेऊन बसवला, आणि दोर पुन्हा स्वतःच्या कमरेला जोडला. माझं हेल्मेट काढून त्याच्या डोक्यावर घातलं. थर्मासमधलं गरम गुळाचं पाणी पाजलं. बरगड्या दाबून बघितल्या. तो कळवळला, पण श्वास नीट चालला होता. त्याने आधी खिसा चाचपला. बियाण्याची थैली तशीच होती.

"चला," तो म्हणाला आणि वर बघितलं. माथा स्वच्छ दिसत होता. शंभर मीटर उंची. अर्धा तास, त्याच्या चालीने पाऊण.

लिंदा पूर्वेकडे बघत होती. तिकडे खाली जंगलाचा मुलूख आहे, आणि आमचं वाईट हवामान सगळं तिथूनच येतं. ढगांचं लोण कड्याच्या पायथ्याशी आलं होतं आणि वर चढत होतं.

"खाली," ती म्हणाली.

"वर," नासारियो.

"बाबा, तुमची बरगडी मोडलीय. पाद्रिनोंचा गुडघा सुजलाय. ढग अर्ध्या तासात इथे येतील. खाली जायचं."

"तुला समजत नाही. तळच्या लोकांनी मला बियाणं दिलंय. त्या फ्लोरसमिराने स्वतःच्या पोरांच्या तोंडातला मका काढून दिलाय. तिला मी काय सांगू? माथा दिसत होता आणि परत आलो?"

"हो. तसंच सांगा."

"कुंपा," तो माझ्याकडे वळला, "तू सांग हिला."

खरं सांगतो, माझी जीभ वळवळली. त्याने मला आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं. शंभर मीटर तर होते. पण मघाशी गिळलेला तो अर्धा श्वास अजून घशात होता. मी म्हटलं, "कुंपा, गाइड ती आहे."

त्याने आम्हा दोघांकडे बघितलं. मग हातमोजा दातांनी ओढून काढला आणि कमरेच्या कडीचा आटा फिरवायला लागला. बोटं बधिर होती, आटा फिरत नव्हता, पण तो फिरवत होता. आटा सुटला की कडी उघडणार, कडी उघडली की दोर सुटणार, आणि पासष्ट वर्षांचा हा मोडक्या बरगडीचा माणूस एकटा त्या उतारावर चालू लागणार. त्याला अडवायला माझ्याकडे गुडघा नव्हता.

"काय करताय?" लिंदा म्हणाली.

"मला बांधून खाली नेणार तू? गावासमोर? माझा बाप असाच चालला होता. मी बघितलाय. मी नाही चालणार."

आटा अर्धा फिरला होता. लिंदा त्याच्यापाशी गेली नाही. तिने त्याचा हात धरला नाही, ओरडलीही नाही. ती जिथे होती तिथूनच बोलली.

"त्या दोराचं दुसरं टोक घोड्याच्या खोगिराला होतं, बाबा. याचं माझ्या कमरेला आहे."

त्याचा हात थांबला नाही.

"तुम्ही पडलात तेव्हा मी पण येत होते. तुम्ही आत होतात, तुम्हाला दिसलं नाही. तिकडे बघा. ती रेघ बघा."

मीही बघितलं. बर्फावर तिच्या कुऱ्हाडीची रेघ होती. जिथे ती उभी होती तिथून सुरू झालेली, खोल, सरळ, सात-आठ मीटर, आणि भोकाच्या कडेपासून दीड मीटरवर संपलेली. मी तिच्या मागे होतो तरी मला ती लांबी तोवर कळली नव्हती.

"मी तुमची लाज राखायला दोर सैल ठेवला," ती म्हणाली. "रात्रभर. मला माहीत होतं ते चूक आहे, तरी ठेवला. त्यात आपण तिघं मेलो असतो. आता नाही ठेवणार. तुम्हाला राग आला तरी चालेल, तुम्ही माझ्याशी जन्मभर बोलला नाहीत तरी चालेल. आटा लावा."

नासारियो त्या रेघेकडे बघत होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि पुन्हा मागे. ढगाचं पहिलं बोट कड्यावरून आत आलं आणि माथा गेला. मग त्याने मान खाली घातली आणि आटा उलटा फिरवला. बोटं वळत नव्हती. बराच वेळ लागला. शेवटी त्याने कडी मुठीत धरून हलवली आणि ती घट्ट बसली आहे हे तिला दाखवलं.

"बियाणं इथे भेगेत सोडायचं असेल तर सोडा," ती जरा नरमून म्हणाली. "डोंगराचं तोंड इथे उघडंच आहे."

"ती काय कचराकुंडी आहे?" तो फिसकारला आणि थैली परत खिशात घातली.

उतरताना गाइड सर्वांत मागे, वरच्या बाजूला असतो. मी लंगडत पुढे, नासारियो मध्ये, लिंदा वर. दहा मिनिटांत सगळं पांढरं झालं. स्वतःचे बूट दिसेनात. मी वाकून आमच्याच बुटांच्या लोखंडी काट्यांचे सकाळचे ठसे हाताने चाचपत उतरत होतो. वाऱ्यातून तिचा आवाज यायचा, "थांबा," "चला," "उजवीकडे," "थांबा म्हटलं ना!" आणि दोर असा ताठ की त्यावर कपडे वाळत घालावेत. नासारियो दोनदा घसरला. दोन्ही वेळा तो एक हात सरकला आणि जागच्या जागी थांबला. दुसऱ्या वेळी त्याने बरगडी धरून शिवी हासडली, पण दोराबद्दल काही म्हणाला नाही. मीसुद्धा माझ्याकडचा दोर ताणून धरला होता. कुंपाला हिसके बसत होते. बसू देत.

दुपारी निवाऱ्यात पोचलो तर आत पंधरा-वीस माणसं. गावातून टेम्पो करून आली होती. ढोल होता, बासरी होती, उकडलेल्या मक्याचं पातेलं होतं. आम्हाला बघताच ढोल वाजायला लागला आणि नासारियोच्या चेहऱ्याकडे लक्ष गेल्यावर तसाच थांबला.

"पोचलात?" पंचायतीचा चिटणीस तेओफिलो म्हणाला. नासारियोच्या खुर्चीवर त्याचा दहा वर्षं डोळा आहे.

"नाही."

"म्हणजे? बियाणं?"

नासारियोने थैली काढून टेबलावर ठेवली. कोपऱ्यात फ्लोरसमिरा उभी होती. तिने थैलीकडे बघितलं आणि शालीचं टोक तोंडाला लावलं. ते बघणं मला डोंगरावरच्या सगळ्या वेळेपेक्षा जड गेलं.

"आता पुढच्या महिन्यात पाणी नाही आलं म्हणजे?" तेओफिलो म्हणाला. "तरी मी म्हणत होतो, बाईमाणसाच्या हातात दोर दिला की हे असंच. काय झालं काय? माथा दिसला नाही?"

"दिसला."

"मग?"

लिंदा दारात होती. ओला दोर गोळा करत होती, एकेक वेटोळं, आणि तिने वर बघितलं नाही. मला वाटलं आता हा ताठ म्हातारा म्हणणार, ढग आले. ढग आलेच होते, ते खोटं नव्हतं. नाहीतर म्हणणार, कुंपाचा गुडघा गेला. मी होकार द्यायच्या तयारीत होतो.

"मी बर्फात पडलो," नासारियो म्हणाला. "हिने मला बाहेर काढलं. मग मी वर चला म्हणालो, ही खाली चला म्हणाली." त्याने श्वास घेतला, बरगडीने त्याला मध्येच थांबवलं. "मी खाली आलो."

सव्वीस वर्षांत त्या माणसाने कुणाचं ऐकून पाऊल मागे घेतलेलं गावाने बघितलं नव्हतं. सरकारी इंजिनियरचं नाही, बिशपचं नाही.

"दोर मीसुद्धा सैल ठेवला होता," मी म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं. पण तेव्हा नसतो बोललो तर कधीच बोललो नसतो. "सगळ्यांनी ऐका. वीस वर्षांचा गाइड मी. कुंपाला वाईट वाटेल म्हणून ठेवला होता."

फ्लोरसमिरा पुढे आली, थैली उचलून शालीत बांधली आणि नासारियोला म्हणाली, "जिवंत आलात ना. मका मी पेरते." आणि पातेल्याकडे वाढायला गेली.

लिंदाने दोर खुंटीला टांगला. मग बापासमोर येऊन फरशीवर बसली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज अगदी रोजचा होता, त्या जर्मनांशी बोलते तसाच.

"बूट काढा. बोटं बघायचीत."

सगळं गाव बघत होतं. नासारियोने दोन्ही पाय तिच्यापुढे केले.